भिवरीचं पेंढ्याचं पारडू

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही आधी दचकाल आणि मग नाक दाबाल, म्हणून ओळख आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना खलबच्चा आहे. हा शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकात सापडायचा नाही, तो तबेल्यातला आहे. मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून जे सोंग उभं करतात, त्याला खलबच्चा म्हणतात. पाय बांबूचे, पोट पेंढ्याचं आणि डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके. असं असूनही एका आईने माझ्यावर जिवापाड माया केली. तिचं नाव भिवरी.

भिवरी ही आरे कॉलनीच्या कडेच्या एका तबेल्यातली म्हैस. काळीभोर, एक शिंग जरा आत वळलेलं, स्वभावाने गरीब. तिला पारडू झालं ते नर निघालं आणि तिथेच त्याचं नशीब ठरलं. रेडा काही दूध देत नाही, मग त्याला दूध पाजायचं कशाला, असा तिथला सरळ विचार. भिवरीला पान्हा फुटेपर्यंत पारडाला आचळाशी सोडत, आणि दूध उतरू लागलं की ओढून बाजूला बांधत. दूध तुमच्या चहासाठी किटल्यांतून निघून जाई, आणि ते बिचारं आपलं दावं चोखत बसे. एका सकाळी ते उठलंच नाही. तेच पारडू म्हणजे मी का, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. कातडं त्याचं, पेंढा बाजारचा. त्याची भूक माझ्याकडे आली नाही, एवढं मात्र बरं झालं.

पारडू गेल्यावर भिवरी रेकत राहिली. धार काढायला बसलं की पान्हा चोरायची. मालक शिवदासशेठ वैतागला आणि धारा काढणाऱ्या रामनाथला म्हणाला, पारडाचा खलबच्चा कर. रामनाथ नगरकडचा, अर्धं आयुष्य म्हशींत गेलेला. त्याने तबेल्यामागे, भिवरीच्या नजरेआड, कातड्याला मीठ चोळलं, उन्हात वाळवलं, पेंढा भरला आणि दाभणाने शिवून काढलं.

पहिल्यांदा त्याने मला भिवरीपुढे उभं केलं, तेव्हा ती रेकायची थांबली. मानेपासून शेपटीपर्यंत तिने मला हुंगलं. मग खरखरीत जीभ माझ्या मानेवर फिरू लागली आणि तिला पान्हा फुटला. शेठ खूश झाला. झकास काम झालं म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. नुसत्या पेंढ्याला कुणी लेकरू मानलं, तर त्याने फुगू नये तर काय करावं?

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ माझी हजेरी ठरलेली. धार झाली की रामनाथ मला भिंतीवरच्या खुंटीला अडकवी. भिवरी रवंथ करता करता मान वर करून त्या खुंटीकडे बघत बसायची. चाटून चाटून माझ्या मानेवरचे केस उडाले, तिथलं कातडं अगदी गुळगुळीत झालं. ती मला चाटायची आणि दूध दुसऱ्याच्या बादलीत पडायचं. आपण कुणाच्या कामाला येतोय, हे कळायला मला वेळ लागला. कळल्यावर फुगणं संपलं.

मग एक दिवस दर्शना तबेला बघायला आली. साकीनाक्याला राहणारी, अंधेरीत कुठल्याशा ऑफिसात नोकरी करणारी. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी दूधदुभतं सोडलं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी ती मंडळी पाट्या घेऊन रस्त्यावर उभी राहत. मुकी जनावरं कशी जगतात ते लोकांना सांगत. लोक हसत, काही भांडत, बरेचसे बघून न बघितल्यासारखं करत. खुंटीवरचा मी कोण, हे रामनाथने सांगितल्यावर दर्शनाला रडू आवरेना. नंतर डोळे पुसून तिने मला मागितलं. एक दुपार द्या म्हणाली, हजार पाट्यांनी होणार नाही ते याच्याने होईल.

रामनाथने आधी साफ नकार दिला. पण शेठ गावाला गेलेला आणि पोरीचा चेहरा रडवेला. शेवटी म्हणाला, "संध्याकाळच्या धारेआधी आण. ही याच्याशिवाय उभी राहायची नाही."

मित्रांनो, अंधेरीच्या त्या चौकात माझा जेवढा मान झाला तेवढा कधी झाला नव्हता. माणसं थांबली. आमचं दूध पिशवीतलं असतं, त्याचा म्हशीशी काय संबंध, असं म्हणणाऱ्या एक बाईही जवळ येऊन वाकल्या. किती हात माझ्या पाठीवरून फिरले. एका लहान मुलीने विचारलं, "याची आई कुठंय?" दर्शना तिच्यापुढे वाकून म्हणाली, "तबेल्यात आहे. याची वाट बघतेय." ऊन चढलं तसा मला वास सुटला. लोक मागे सरकायला लागले, तेव्हा दर्शनाने मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि पर्समधला सेंट माझ्यावर मारला, मानेवर जरा जास्तच. तिला माझी लाज वाटली असं नाही, लोकांनी जवळ यावं एवढंच तिच्या मनात होतं.

तिने शब्द पाळला. धारेच्या वेळेआधी मी भिवरीपुढे उभा होतो.

भिवरीने नाक पुढे केलं. मानेपासून शेपटीपर्यंत हुंगलं, पुन्हा मानेपाशी आली, आणि मागे सरली. दावं ताणेपर्यंत मागे सरली. रामनाथने मला तिच्या अंगाला घासलं, शेण लावलं, तिचंच दूध चोळलं. काही उपयोग झाला नाही. पारडू गेलं तेव्हा जशी रेकली होती तशी ती पुन्हा रेकायला लागली, माझ्याकडे पाठ करून. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अगं मीच आहे. पण मी तिचं पारडू नव्हतोच ना. त्याचा जो थोडासा वास माझ्याकडे उरला होता, तोही मी अंधेरीत घालवून आलो होतो.

पुढच्या दिवसांत तिने चारा सोडला. शेठ परत आला, त्याने पान्हा फुटावा म्हणून सुई टोचायला लावली, तरी दूध आटत गेलं. आटलेल्या म्हशीला तबेल्यात जागा नसते. ती कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. दर्शनाने ऑफिस बुडवून, भिवरीला ठेवून घेतील अशा गोशाळांना फोनवर फोन केले. सगळीकडे जागा भरलेल्या. मुरबाडकडे एके ठिकाणी होकार मिळाला, पण थोडं थांबावं लागणार होतं. ती शेठच्या हातापाया पडली. शेठ बघू म्हणाला. ती पुन्हा आली तेव्हा टेम्पो येऊन गेला होता आणि भिवरीच्या जागेवर नुसतं दावं पडलं होतं.

रामनाथने मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं. "हा घेऊन जा, पोरी. मला या खुंटीकडे बघवत नाही."

अशी माझी वरात साकीनाक्याच्या एका खोलीत आली. दर्शनाची आई शकुमावशी हे दूध सोडायचं प्रकरण पहिल्यापासून थट्टेवारी नेत असे. पण त्या संध्याकाळी तिने मला दारातून आत घेतलं आणि मुलीचं सगळं ऐकून घेतलं. दर्शना पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी वेळेत नेलं होतं, आई. तिने ओळखलंच नाही."

शकुमावशी माझ्या गुळगुळीत मानेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या आधीचा बाळ गेला ना, तेव्हा त्याचं झबलं मी धुतलं नव्हतं. उशाशी घेऊन झोपायची. एक दिवस सासूबाईंनी साबण लावून वाळत घातलं. मला बरं वाटावं म्हणूनच गं. पण माझा बाळ त्या दिवशी गेला."

मावशीने उठून दोघींसाठी कोरा चहा टाकला.

आता मी खूप जुना झालो आहे. शिवण उसवते, पेंढा गळतो. मावशी मला ऊन दाखवते, दाभण घेऊन टाके घालते, सेंटची बाटली माझ्या आसपास येऊ देत नाही. दर्शना अजून मला चौकात नेते. वास येतो, लोक नाक दाबतात, ती दाबू देते. आणि एखाद्या लेकराने याची आई कुठंय असं विचारलं, तर ती भिवरीचं नाव घेऊन सगळं सांगते, सेंटसकट.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मला नका जपू. माझ्या पोटात पेंढा आहे, मला काही लागत नाही. हे कातडं ज्याच्या अंगावर होतं त्याला घोटभर दूध लागत होतं, आणि ते त्याच्या आईचंच होतं.