संतराम टेलरचे दोन पट्टे

साखरा गावात कुणाची कंबर किती आणि कुणाचा खांदा उतरता, हे संतरामला तोंडपाठ होतं. स्टँडवरच्या त्याच्या दुकानात माप घ्यायला टेप लागायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस दारातून आत आला की संतरामचं मोजून झालेलं असायचं. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायचा म्हणावं तर तसंही काही नव्हतं. आपल्याला माणसं कळतात असं त्याला वाटायचं. खरं म्हणजे त्याला मापं कळायची.

त्याची पोरगी पुनम कॉलेजला सायकलवर जायची. तिथल्या खेळाच्या धम्मानंद सरांनी तिला एकदा एका मोटारसायकलीच्या पुढं जाताना पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कॉलेजातली शर्यतीची सायकल तिच्या हातात दिली. विभागाच्या संघासाठी मुलींची निवड होणार होती. हिंगोलीहून वारंगा फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुनम झपाटल्यासारखी सराव करायला लागली. पण त्या सायकलचं सीट म्हणजे नुसतं लाकूड. आठवडाभरात पोरगी पालथी झोपायला लागली, तेव्हा सर म्हणाले की गादी लावलेली सायकलची चड्डी घ्यावीच लागेल.

मोबाइलवर दोन प्रकार निघाले. एक साधी, गुडघ्याच्या वर येणारी, कमरेला इलॅस्टिक. दुसरी बिब शॉर्ट्स, म्हणजे तीच चड्डी, पण वर बंडीसारखं कापड आणि खांद्यावरून गेलेले पट्टे. संतरामनं चष्मा लावून दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले.

"ही पट्ट्याची घे," तो म्हणाला. "पोटाला इलॅस्टिक काचायचं न्हाई, वाकलं तरी खाली सरकायची न्हाई. शिवणाऱ्यानं डोकं लावलंय."

"मला साधीच पाहिजे, बाबा."

"काहून?"

"अशीच."

पुनमनं आईकडं पाहिलं. द्वारकाबाई भाकरी उलटत होती, तिनं मान वर केली नाही. संतरामनं मनाशी ठरवून टाकलं की पट्ट्याची महाग आहे म्हणून पोरगी नको म्हणते. गुणाची पोर. त्याला भरून आलं. साधी चड्डी मागवली गेली.

पुढच्या रविवारी तो सरावाला मोटारसायकल घेऊन तिच्या मागं गेला. गावातून बाहेर पडेपर्यंत पुनमनं चड्डीवर ट्रॅक पँट चढवलेली होती. डांबरी सडकेला लागल्यावर ती काढून बापाच्या गाडीच्या डिकीत टाकली. त्या दिवशी तिनं जोर लावला, हँडलवर वाकली, आणि तिचा शर्ट वर सरकला. चड्डी थोडी खाली आली. मधे चार बोटं पाठ उघडी पडली. मागून एक टेम्पो आला आणि पुढं गेल्यावर त्यातली पोरं वळून बघत राहिली.

आता गंमत बघा. गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज संतरामनंच शिवलेले. लग्नसराईत मागचा गळा किती खोल ठेवायचा, यावर नवरीच्या मावशीशी वाद घालणारा हाच माणूस. पण ती पाठ दुसऱ्यांच्या लेकींची.

संध्याकाळी शेजारच्या पानटपरीवाल्या नरसिंगनं चुना लावता लावता सहज म्हणून विषय काढला. "संतरामभाऊ, पोरगी लई पुढं चालली तुमची. लोकं पाठीमागून बघून राहिले." आणि हसला. संतरामही हसला. मग दुकानात येऊन त्यानं मशीनवर एका शर्टाची कॉलर उलटी लावली. पंधरा-वीस वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीला गेला आणि ताणणारं काळं कापड घेऊन आला. पुनम कॉलेजात असताना त्यानं तिची चड्डी दोरीवरून काढली आणि काम सुरू केलं. पाठीला मानेपर्यंत कापड, पुढं दोन रुंद पट्टे, इलॅस्टिकच्या पट्टीवर दुहेरी टीप. ओढून बघितलं, एक टाका हलेना. मोबाइलमधल्या बिब शॉर्ट्सपेक्षा हे काम सरस होतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

द्वारकाबाई जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली.

"पोरीला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? पैशापायी नको म्हनत होती. आता घरच्या घरी झालं."

"तरी बी इचारा एकदा."

"टेलर मी हाय का तू?"

द्वारकाबाई ताट वाढायला निघून गेली. पुनमनं संध्याकाळी ते घालून पाहिलं. माप अर्थात बराबर होतं. तिनं आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं, एका पट्ट्यात बोट घालून ओढून पाहिलं. पट्टा हटला नाही.

"छान झालं, बाबा," ती म्हणाली.

पोरीच्या 'छान' मध्ये काय काय असतं हे ऐकायला कान लागतो. संतरामला त्या रात्री शांत झोप लागली.

निवडीचा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी आला आणि ऊन मात्र एप्रिलचं पडलं. शहराबाहेर उघड्या सडकेवर सगळे जमले. दहाबारा मुली, त्यांचे भाऊ, बाप, सर, शिट्ट्या. आडोसा म्हणाल तर एक बाभळ. काही मुली शेताच्या बांधाकडं जाऊन आल्या. पुनम गेली नाही. संतरामनं सकाळी घरून निघतानाच तिच्या सायकलच्या दोन्ही बाटल्यांत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी भरून दिलं होतं. "पीत राय," तो म्हणाला. तिनं मान हलवली.

वारंगा फाट्याला वळसा घालून परत फिरताना पुनम दुसरी होती. पहिल्या दोघींची निवड होणार होती. संतराम द्वारकाबाईला मागं बसवून बरंच अंतर ठेवून येत होता आणि हेल्मेटच्या आत एकटाच हसत होता. पट्टे कसे नीट बसलेत! पाठ एकदम झाकलेली. कोण बघतो ते बघू दे आता.

कळमनुरीच्या अलीकडं पुनमची सायकल डावी-उजवीकडं व्हायला लागली. पाय थांबले. ती सडक सोडून मुरमात गेली आणि ज्वारीच्या धसकटांच्या कडेला, सायकलसकट, आडवी झाली.

संतराम पोचला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि पायात गोळे आले होते. अंग तापलेलं, पण घाम नाही. सायकलच्या दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. एकीचं तर झाकणही उघडलेलं नव्हतं.

"पाणी असून पेली न्हाई!" तो ओरडला. भीतीनं ओरडला, पण ओरडला हे खरं. "येडी हायेस का तू? काय सांगितलं होतं मी?"

धम्मानंद सरांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टरीण बाई आत बराच वेळ तिच्याशी हळू आवाजात बोलल्या. मग बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, की उन्हात इतकं अंतर आणि सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, वेळेवर आणलंत म्हणून बरं, नाहीतर किडनीवर गेलं असतं. त्या गेल्या आणि संतराम पुन्हा सुरू झाला. एवढ्या जवळ येऊन घालवलं. सर काय म्हणतील. पोरीला अक्कल नाही.

द्वारकाबाई बाकड्यावर बसली होती. ती म्हणाली, "तिनं पाणी काहून पेलं न्हाई, सांगू?"

"सांग की."

"पेलं असतं तर लघवीला जावं लागलं असतं."

संतरामनं इकडंतिकडं पाहिलं. पलीकडं एक म्हातारा बसलेला होता. "हळू बोल."

"हळूच बोलत आले आजवर. बाकीच्या पोरी बांधाच्या आड गेल्या, चड्डी खाली केली, बसल्या, आल्या. हिनं काय करायचं? पयले वरचा शर्ट काढायचा, मंग तुमचे पट्टे खांद्यावरून उतरवायचे. अंगावर सुताचा धागा राहत न्हाई तवा तिला बसता येतं. उघड्या सडकेवर. गड्यामाणसांत. म्हनून ती साधी मागत होती. म्हनून ती काल सांजेपासून पाणी पेली न्हाई."

"मंग मला सांगायचं न्हाई का?"

"पोरीनं बापाला हे सांगायचं?"

"तू सांगायचं."

"इचारा म्हनलं होतं." तिनं पदर सारखा केला. "तर तुमी टेलर निघाले."

चार बोटं पाठ झाकायला गेलो आणि पोरीवर सगळंच उघडं करायची पाळी आणली, हे त्याला आता दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. पैशापायी नको म्हणते, ही समजूतसुद्धा आपण सोयीनं करून घेतली होती. पट्टे शिवले ते पोरीच्या पोटाला इलॅस्टिक काचू नये म्हणून नाही. नरसिंग हसला म्हणून शिवले. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी तोंड कुठं लपवावं अशी.

आत गेल्यावर पुनमनं डोळे उघडले. "माझंच चुकलं, बाबा," ती म्हणाली. "थोडं थोडं प्यायला पाहिजे होतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संतरामला म्हणायचं होतं की तुझं नाही, माझं चुकलं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "नारळपाणी आणू का?" आणि उत्तराची वाट न बघता खाली निघून गेला.

संघात दुसऱ्या दोघी गेल्या. पुनमची सायकल घरात भिंतीला लागून उभी राहिली. ती कॉलेजला बसनं जायला लागली. सर दोनदा येऊन गेले, पावसाळ्यानंतर पुन्हा निवड आहे म्हणाले. पुनम "बघू" म्हणाली. संतराम तिच्याशी बोलायचा तो मीठ कमी आहे की जास्त एवढंच.

एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्यानं ती चड्डी पुढं घेतली आणि टाके उसवायला बसला. दुहेरी टीप. एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलून तोडायचा, कापड ताणणारं, जरा हात चुकला की भोक. स्वतःच्याच कामाला शिव्या घालत तो उसवत होता. बाजूला एका गिऱ्हाइकाची पँट लटकत होती, चेन लावायची राहिलेली. संतरामचा हात थांबला. आजवर शेकडो पँटी शिवल्या असतील. पुढं चेन लाव, असं एकाही गड्याला त्याला सांगावं लागलं नव्हतं. कुणी न सांगता, न विचारता, ती सोय आपोआप त्याच्या हातून होत आली. पोरीच्या वेळेला साधं एक हूकसुद्धा सुचलं नाही. पक्कं शिवलं, दोनदा शिवलं.

पट्टे निघाले, पण इलॅस्टिकच्या कडेनं सुईची भोकं तशीच राहिली. त्यानं नवी चड्डी मागवली, साधी. ती आली तेव्हा पुनमच्या खाटेवर ठेवली, शेजारी उसवलेली जुनी ठेवली, आणि दारात उभा राहिला.

"तुला इचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "इचारलं न्हाई. चुकलं माझं."

पुनमनं जुनी उचलली, भोकांवरून बोट फिरवलं. "सरावाला हीच चालती," ती म्हणाली. "नवी निवडीला ठेवू."

त्यानंतरच्या रविवारी ते तिघं निघाले. पुनम सायकलवर, मागं संतराम आणि द्वारकाबाई मोटारसायकलवर. पुनमचा शर्ट वर सरकला. चार बोटं पाठ दिसली. संतरामला ती दिसली, आणि बघणारेही दिसले. आतून काही वाटलं नाही असं नाही. त्यानं गाडी तशीच चालू ठेवली.

वारंगा फाट्याला हॉटेलं गच्च भरलेली. ट्रकवाले, खाजगी गाड्यांतली माणसं, आणि बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी सोयरिकीला निघालेला नरसिंग, चहा पीत. पुनम सायकल धरून उभी होती. बाटली अजून भरलेलीच होती. पुनम नुसती बाटलीकडं बघत होती, उघडत नव्हती.

संतराम गल्ल्यापाशी गेला. ज्या शब्दासाठी दवाखान्यात तो बायकोला हळू बोल म्हणाला होता, तो शब्द त्यानं चांगला मोठ्यानं उच्चारला.

"मालक, बायांसाठी बाथरूम हाय का? माझ्या पोरीला लघवीला जायचं हाय."

दोनचार माना वळल्या. नरसिंगची बशी तोंडापाशी थांबली. पुनमचे कान लाल झाले. मालकानं मागच्या बाजूला बोट दाखवून चावी पुढं सरकवली. संतरामनं ती पुनमच्या हातात दिली आणि ती गेली. परत आली तेव्हा तिनं चावी बापाच्या हातात दिली, बाटली उघडली आणि उभ्या उभ्या, न थांबता, निम्मी संपवली. संतराम पाहत राहिला.

चावी त्याच्या हातात तशीच होती. तो परत द्यायला वळला आणि मधेच थांबला. द्वारकाबाई गाडीपाशी उभी होती, मघापासून, काही न मागता.

"तुला बी जायचं का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, हसूनही नाही.

"लगीन होऊन आले तवापासून तुमच्या मागं बसून फिरून राहिले," ती म्हणाली. "नरसीच्या जत्रेला, नांदेडला, माहेराला. एस्टीत, टेम्पोत, या गाडीवर. घरून निघायच्या आदल्या रातीपासून पाणी सोडायचे. आज इचारलं."

तिनं चावी घेतली आणि पदर सावरत मागच्या बाजूला गेली. संतराम तिची पिशवी धरून उभा राहिला. हॉटेलच्या पोऱ्यानं टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला होता, पण ती परत येईपर्यंत तो त्यानं उचलला नाही.