शेपटी दाराकडे

पावणेतीनला संपादकांचा निरोप आला: मूळ पान काढून ठेवा, मी वर येतोय.

दैनिकातल्या हेरकथेच्या सकाळच्या चित्रपट्टीत घोळ झाला होता. शेवटच्या चौकटीत फितूर बंद दाराआडून बोलणार होता, "नकाशा माझ्याकडे आहे." त्याचं तोंड चार महिने कुणाला दिसायचं नव्हतं. पण संवादाच्या फुग्याची शेपटी दाराकडे जाण्याऐवजी दादाकडे गेली. दादा म्हणजे हेराचा गुरू, वाचकांचा लाडका. त्या एका शेपटीनं तो फितूर ठरला. सकाळपासून फोन खणखणत होता आणि भाऊ प्रत्येकाला सांगत होता, चूक झाली.

कथा हा धाकटा भाऊ लिहायचा, चित्रं थोरली बहीण काढायची. वर्षभरात तिच्या दोन चुका छापून गेल्या होत्या. तिसरी झाली तर पट्टी दुसऱ्या चित्रकाराला देईन, असं संपादकांनी तिला तोंडावर बजावलं होतं.

भावानं पान काढलं. त्यावर त्याच्याच अक्षरात ताईसाठी सूचना होती, 'शेपटी दाराकडे.' त्यातला र पूर्ण गुण मिळावेत इतका स्वच्छ होता.

"मला द वाटला रे," ताई म्हणाली. तिनं पान नाकाशी नेलं, मग हातभर लांब धरलं. भाऊ आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं ते खाली ठेवलं.

जिन्यात पावलं वाजली. भावानं त्याच पेनानं र ला पोट काढलं, पोटाखाली शेपूट ओढलं आणि फुंकर मारली.

"नको," ताई म्हणाली. "तुझ्याच पानात दादा निघाला तर ते दुरुस्ती छापणार नाहीत. तुझी चार महिन्यांची कथा मातीत जाईल."

"जाऊ दे. तू तोंड उघडू नकोस."

संपादक पान घेऊन खिडकीशी गेले. त्यांचा अंगठा नेमका त्याच ओळीवर होता. शाई वाळली होती की नाही, भावाला ठाऊक नव्हतं.

"इथं तर दादाकडे लिहिलंय."

"माझा हात घसरला. ताईनं मी लिहिलं तसंच काढलं."

संपादकांनी एकदा त्याच्याकडे, एकदा ताईकडे पाहिलं. भाऊबहिणीला एकमेकांचं अक्षर लागत नाही आणि वाचकांना मात्र सांकेतिक लिपी सोडवायला लावता, असं म्हणून त्यांनी अंगठा रुमालाला पुसला. तशी त्यांना सवयच होती.

"तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा. आता फितूर दादाच. उद्याचा भाग चारपर्यंत खाली हवा."

ते गेले. मग ताईनं कोरा कागद फळीवर लावला.

"यापुढे लिहिलेलं मला देऊ नकोस. वाचून दाखव."

भावानं मान डोलावली. त्यानं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागला.

"पहिली चौकट. दादा एकटा. चेहरा मोठा."

"मोठाच काढते," ती म्हणाली आणि कागदावर वाकली.