दोष शून्य

भोसरीच्या एका कारखान्यात मोटारींच्या दारांची लॉकं बनत. ब्याऐंशी साली तिथले वर्क्स मॅनेजर मारुतराव जपान पाहून आले आणि आल्या आल्या सगळ्यांना शपथ द्यायला लागले. रोज सकाळी हात पुढे करून म्हणायचं, "गुणवत्ता ही माझी जबाबदारी. पुढच्या टेबलावरचा माणूस हा माझा ग्राहक." तेव्हापासून जुळणीवरची तानुबाई शेजारच्या गिरजाबाईला "ए गिऱ्हाईक" अशी हाक मारू लागली.

शेवटच्या तपासणीला सावळाराम होता. माणूस फटकळ. खराब माल मागे पाठवताना चार शब्द सुनावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मारुतरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"सावळाराम, तपासणी म्हणजे कामगारांवर अविश्वास. जपानात गुणवत्ता तपासत नाहीत, घडवतात."

"घडवा की साहेब. पण ही नवी स्प्रिंग मऊ आहे. तानुबाईपण तेच म्हणते. आधीची मागवा."

"नवी स्वस्तात मिळालीय. तुझं अक्षर चांगलं आहे, तू घोषणा रंगव."

सावळारामचं टेबल उचललं गेलं. खराब माल ओळखणाराच उरला नाही, त्यामुळे खराब माल निघायचा बंद झाला. शिडीवर चढून 'दोष शून्य, आनंद अमाप' रंगवताना सावळारामला तो ब्रश कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता.

या यशाचा समारंभ ठरला. पाहुणे म्हणून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे खरेदी अधिकारी येणार होते. मारुतरावांनी कंपनीच्या गाडीच्या मागच्या दारांना मुद्दाम नवी लॉकं बसवली आणि स्वतः त्यांना आणायला गेले.

गाडी मांडवापाशी थांबली. सनई सुरू झाली. पाहुण्यांनी हँडल ओढलं, ते लुळं पडलं. मारुतरावांनी आपल्या बाजूचं ओढलं, तेही तसंच. ड्रायव्हर धोंडीबा उतरून बाहेरून झटू लागला.

"साहेब, उघडत न्हाई. पुढनं या."

पुढच्या सीटवरून पाय टाकत, कोट गिअरला अडकवत पाहुणे धोंडीबाच्या दारातून बाहेर आले, ते रांगतच. हार घेऊन उभ्या असलेल्या, गोंधळलेल्या कारखानामालक शेठजींनी तशाच अवस्थेत त्यांच्या गळ्यात हार घातला.

"आमच्या गिऱ्हाइकांनीही असंच उतरायचं का?" एवढंच विचारून पाहुणे रिक्षानं निघून गेले. पाठोपाठ सगळा माल परत आला.

मारुतरावांनी कारण शोधायला शेठजींसमोर सभा घेतली. जपानी पद्धतीप्रमाणे फळ्यावर माशाचा सांगाडा काढला आणि एकेका काट्यावर एकेक संभाव्य कारण लिहिलं : माणूस, यंत्र, पद्धत, हवामान.

"स्प्रिंग कुणी आणली, ते कुठल्या काट्यावर लिवायचं?" तानुबाईनं विचारलं.

"व्यक्तीला दोष द्यायचा नसतो, बाई. हेच तर तत्त्व आहे." बराच खल होऊन उन्हाळ्याला दोषी धरण्यात आलं.

सावळारामच्या मस्तकात तिडीक गेली. तो उठला, स्प्रिंगांची पेटी उचलून आणली आणि सगळ्यांसमोर भंगाराच्या पिंपात उलटी केली. नोकरी गेली असं धरूनच तो मारुतरावांकडे बघत उभा राहिला.

मारुतरावांनी क्षणभर शेठजींकडे पाहिलं आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"बघा! याला म्हणतात कामगाराचा पुढाकार! फोटोग्राफरला बोलवा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सावळारामला भांडायचं होतं, पण मारुतरावांनी त्याचा हात धरून उंच केला होता, आणि फोटोग्राफर म्हणत होता, "जरा हसा, राव."