डोलीतला भरलेला कप

बारकीला बारकी म्हणायचं ते ती घरातली धाकटी म्हणून, एरवी दारातून जाताना तिला मान वाकवावी लागे. यंत्रांचा डिप्लोमा करून ती खाणीत लागली तेव्हा तिला पंख्याखालचं टेबल देऊ केलं होतं. टेबल नको, मला इंजिनघर द्या, असं तिनं तोंडावर सांगितलं आणि ऑफिसातल्या कारकुनाच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

माणसांना खाणीत उतरवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याला तिथे सगळे डोली म्हणत. डोलीचा दोर ज्या इंजिनावर गुंडाळला जाई, ते चालवणं म्हणजे जबाबदारीचं काम. चालवणाऱ्याला डोली दिसतच नाही. समोर डोली किती खाली गेली ते दाखवणारी एक तबकडी, दोराच्या ड्रमवर पांढऱ्या रंगाची खूण आणि कानावर घंटा, एवढ्यावर सगळा कारभार. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे माल आहे, तीन म्हणजे आत माणसं आहेत, जपून.

हे तीन ठोके बारकीच्या आईला तोंडपाठ होते. सव्वीस वर्षं ती वरच्या शेडमध्ये उभी राहून पट्ट्यावरून येणाऱ्या खनिजातले निकामी दगड वेचून टाकत होती. बायकांनी खाली उतरायचं नाही हा नियम आत्ता कुठे उठला होता, आणि आईची नोकरी या शुक्रवारी संपणार होती. निरोप म्हणून एकदा खाली जाऊन या, असं मोठ्या साहेबांनी तिला आपणहून सांगितलं. त्यावर तीच अडून बसली.

"जाईन तर माझ्या पोरीच्या हातानं. नाहीतर राहिलं," ती म्हणाली.

पोरीच्या हातात अजून लायसन नव्हतं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं. ती मास्तरांच्या हाताखाली शिकत होती. मास्तर म्हणजे एकतीस वर्षं इंजिन चालवलेला, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांची परीक्षा कुठल्या पुस्तकात नव्हती. डोलीत आठ माणसं, त्यांच्या पायांशी बशीत ठेवलेला काठोकाठ भरलेला चहाचा कप. तळाशी आठही जण डोलीतून उतरल्यावर बशी कोरडी दिसली पाहिजे. संधी दोनच. दोन्ही हुकल्या तर सही नाही आणि पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर आई घरी बसलेली असणार, आणि परवानगी काय, कायमची थोडीच राहते.

मंगळवारी पहिली संधी झाली. बारकीनं डोली अशी अलगद थांबवली की पांढरी खूण केसभरही हलली नाही. ती मनातल्या मनात पेढे वाटत होती, तेवढ्यात खालच्या दारावरच्या माणसाचा फोन आला. थांबवलीस झकास, पण बशीत तळं झालंय, असं तो म्हणाला. बारकीचा चेहरा पडला. चूक काय झाली म्हणून तिनं मास्तरांना विचारलं, तर ते पेन्सिलीला टोक काढत बसले आणि ताकास तूर लागू देईनात.

संध्याकाळी ती घरच्या स्प्रिंगच्या सोफ्यावर आईशेजारी चहा घेऊन बसली आणि मास्तरांच्या नावानं बोटं मोडू लागली. आई अंगापिंडानं भरलेली. ती दिवा लावायला उठली तसा सोफा वर उसळला आणि बारकीचा चहा तिच्याच मांडीवर सांडला. बारकीनं ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"आई, परत बस."

"का गं?"

"बस म्हणते ना. हं, आता उठ."

आईला तिनं पाच वेळा बसवलं आणि उठवलं. माझ्या गुडघ्यांची वाट लावणार ही पोरगी, असं आई म्हणत होती, पण उठत-बसतही होती. अर्धा किलोमीटर दोर आठ माणसांच्या वजनानं ताणला जातो, ती भराभर उतरली की तो आखडतो आणि डोली वर उचलली जाते. चहा डोली थांबताना सांडलाच नव्हता, तो माणसं उतरताना सांडला होता.

यावर उपाय होता. खाली तळाशी लाकडी ओंडके होते, मालाची डोली त्यांच्यावर टेकवत. एकदा टेकली की भार ओंडक्यांवर, मग दोर आखडायचं कारणच नाही. माणसांची डोली मात्र सहसा कुणी टेकवत नसे, कारण टेकताना गचका बसे. तो गचका काढायचा, एवढंच बाकी होतं. बुधवार-गुरुवार तिनं डोलीत दगडांची पोती भरून तो सराव केला. पहिल्या दिवशी खालचा माणूस फोनवर नुसता हसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विचारलं, टेकली का, मला कळलंच नाही. मास्तरांनी खुर्ची तबकडीजवळ ओढून घेतली.

शुक्रवारी सकाळी डोलीत सात माणसं चढली आणि आठवी आई, डोक्यावर नवं हेल्मेट, पायात कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट. तीन घंटा झाल्या. मास्तरांचा हात जादा ब्रेकवर होता. बारकीचे हात शांत होते. तबकडीचा काटा सरकत गेला, खूण जवळ आली. तिनं श्वास रोखून शेवटची वीतभर डोली उतरवली आणि दोराला जराशी ढील दिली. एक घंटा झाली. मग बराच वेळ काहीच नाही.

फोन वाजला. खालचा माणूस जरा अडखळत होता. बशी कोरडी आहे, असं तो म्हणाला, पण कपात चहा नाही.

"मग गेला कुठे?" मास्तरांनी फोन हिसकावून घेतला.

"हिच्या आईनं प्यायला. भरलेला कप, गार कशाला करायचा म्हणाल्या."

मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. बशी कोरडी म्हणजे कोरडी, असं म्हणत त्यांनी कागद पुढे ओढून सही ठोकली.

"डोली टेकवायची, हे कळायला मला तीन कप लागले होते," ते हळूच म्हणाले. "हे बाहेर बोलायचं नाही."

बारकीला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. खाली आई पाऊण तास फिरत होती. आपल्या हातावर सव्वीस वर्षं आलेला दगड निघतो तरी कुठून, हे ती भिंतींना हात लावून बघत होती, असं नंतर कळलं.

मग घंटा वाजली. एक. दुसरी जरा घाईत. तिसरी इतकी उशिरा की बारकी खुर्चीत पुढे सरकली. खालच्या माणसाची घंटा अशी कधीच नसे. त्यानं आईला वाजवू दिली होती.

मास्तरांनी सवयीनं पुन्हा ब्रेकवर ठेवलेला हात काढला आणि खिशात घातला. बारकीनं दांडा पुढे ढकलला आणि आईला वर आणायला सुरुवात केली.