भाषणाचा खण

लायनल आव्हिला चव्वेचाळीस वर्षांचा होता. दिवसा चीजच्या कारखान्यात टाक्या धुवायचा आणि संध्याकाळी कॉलेजात शिकायचा. दोन वर्षांचं कॉलेज त्याने सात वर्षं पुरवून खाल्लं होतं, आणि याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं.

कँटीनमधलं कोपऱ्यातलं टेबल त्याचं. तिथे विशीतली पोरं सल्ला विचारायला येत. इथली दोन वर्षं संपवून युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जायचं तर आधी सक्तीच्या विषयांचा तक्ता भरावा लागतो. विज्ञानाचा खण, गणिताचा खण, कलेचा, भाषणाचा. तुम्हाला पुढे पूल बांधायचे असोत की गुरांना इंजेक्शनं द्यायची असोत, तक्ता कुणाला चुकत नाही. लायनलला तो तोंडपाठ होता. "एक विषय, एकच खण," तो दरडावून सांगायचा. "हाच विषय दोन्हीकडे धरतील म्हणून गाफील राहिलात की मेलात."

त्या वर्षी युनिव्हर्सिटीने त्याला अन्नविज्ञानाला प्रवेश दिला. टाक्या धुणारा माणूस उद्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून फिरणार, म्हणून तो आठवडाभर आरशासमोरून उगाच ये-जा करत होता. मग फेब्रुवारीत नुसत्या सहीसाठी तो कॉलेजच्या सल्लागार येपेसबाईंकडे गेला.

बाईंनी तक्त्यावर पेन्सिल फिरवली आणि एका जागी थांबल्या. "हा भाषणाचा खण रिकामा कसा?"

"तर्क आणि वादविवादाचा विषय केलाय ना मॅडम. त्यात बोलावं लागतंच की."

"तो तर्काच्या खणात गेला. एक विषय, एकच खण. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं तुमचं नाव सांगून हेच वाक्य मला ऐकवतात, आव्हिला."

बाई पुढे वाचत गेल्या. क्रेडिटं चौऱ्याण्णव, लागतात साठ. कुंभारकाम दोनदा. नृत्याचा इतिहास. खगोलशास्त्र. आणि भाषणकला तीनदा नाव घालून तीनदा सोडलेली.

"मेपर्यंत हा खण भरला नाही, तर प्रवेश रद्द," बाई म्हणाल्या. "आणि तीनदा सोडलेला विषय चौथ्यांदा घ्यायचा, तर समितीपुढे जाऊन कारण सांगावं लागेल."

"लेखी?"

"तोंडी."

घरी त्याची मुलगी करिसा हसून हसून खुर्चीतून घसरली. ती याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. "बाबा, मला तूच म्हणालास ना, भाषण पहिल्याच सत्रात उरकून टाक, मागे ठेवू नकोस?"

"म्हणालो. सल्ला चांगलाच होता."

"मग तू का नाही ऐकलास?"

"मी माझं कधी ऐकतो का?"

हसण्यावारी नेलं, पण कारण त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा चर्चच्या सभागृहात चार शब्द बोलायला तो कागद घेऊन उभा राहिला होता. वडील पोर्तुगीज बेटांवरून आलेले, जन्मभर दुसऱ्याच्या गोठ्यात दूध काढलं, इंग्रजी कधी जमलं नाही. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे नऊ वर्षांचा लायनल त्यांच्या वतीने बोलायचा. आणि त्या दिवशी, शेवटचं बोलायचं, तर त्याची वाचाच बसली. तो तसाच खाली बसला आणि कागद धाकट्या भावाने, गिल्बर्टने, वाचला. ती लाज अजून जशीच्या तशी होती.

समितीत तिघं होते आणि मधोमध भाषणकलेच्या बनागबाई बसल्या होत्या. ज्यांच्या वर्गातून तो तीनदा पळाला, त्याच. लायनलने टेबलाची कड घट्ट धरली.

"पहिल्यांदा का सोडलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही हजेरी घेतलीत आणि म्हणालात, उभं राहून नाव सांगा. माझं नाव यायच्या आधी मी निघालो."

"दुसऱ्यांदा?"

"गाडीतून उतरलोच नाही. पार्किंगमध्ये बसून डबा खाल्ला."

"आणि तिसऱ्यांदा?"

"दारापर्यंत आलो होतो बाई. समोर कुंभारकामाचा वर्ग होता, तिथे घुसलो. घरी अकरा वाडगे आहेत. एकही धड बसत नाही, सगळे डुगडुगतात."

समितीतला एक जण खोकत हसला. बनागबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी सही केली. "सोमवारपासून छोट्या सत्राचा वर्ग आहे. पहिल्या रांगेत बसायचं. दारापासून लांब."

पहिली तीन भाषणं त्याने कशीबशी रेटली. चीज कसं करतात यावर बोलताना तो इतक्यांदा अडखळला, की पुढच्या बाकावरच्या पोराने पाण्याची बाटली पुढे केली. गुण जेमतेम. शेवटच्या भाषणावर सगळं अडलं होतं. विषय ज्याचा त्याने निवडायचा, वेळ चार मिनिटं, आणि पास व्हायला निदान 'सी' हवाच.

त्या दिवशी करिसा मागच्या बाकावर येऊन बसली. लायनल उभा राहिला. त्याने दही लावण्यावर तयारी केली होती. तोंड उघडलं आणि म्हणाला, "माझे वडील गाईंशी पोर्तुगीजमध्ये बोलायचे."

मग तो थांबलाच नाही. वडील प्रत्येक गाईला गावातल्या कुणा ना कुणा म्हातारीचं नाव द्यायचे. बँकेतला साहेब बोलत असताना ते लायनलच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि त्या हाताच्या दाबावरून त्याला कळायचं, हो म्हणायचं की नाही. मध्ये आवाज फाटला, तेव्हा तो म्हणाला, "थांबा, जरा रडतो," आणि खरंच रडला, आणि परत बोलायला लागला.

बनागबाईंचा शेरा संध्याकाळी हातात पडला. 'वेळ चार मिनिटं होती, तुम्ही अकरा घेतलीत. गुण कापले आहेत. एकूण श्रेणी सी.'

"सी?" करिसा म्हणाली. "एवढं बोलून नुसता सी?"

"खण भरला," लायनल म्हणाला. "आणि ऐक, जास्त बोललो म्हणून गुण कापलेत माझे. माझे! हा कागद फ्रेम करायचा."

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्याने गिल्बर्टला फोन लावला.

"तू चर्चमध्ये वाचलास तो कागद आहे का रे तुझ्याकडे? बाबांवरचा?"

"आहे. का?"

"तो पुरा नाहीये," लायनल म्हणाला. "वेळ आहे ना तुला? मी बोलतो, तू ऐक."