घरात कोणी नसताना

सुचिताने पाळण्याची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली ओढली. वरची लोखंडी कडी कुरकुरली, पण जागची हलली नाही. तरी तिचं समाधान झालं नाही. ती पुन्हा स्टुलावर चढली, गाठ चाचपली, उतरली आणि झेंडूच्या माळा सारख्या करू लागली. त्या आधीच सारख्या होत्या.

"ताई, आता घटकाभर बसा," उज्वला म्हणाली. ही तिची वहिनी, आणि सव्वा महिन्यापूर्वी आजी झालेली. "पहाटे पाचपासून तुमचा पाय भुईला लागला नाय."

"बसते," सुचिता म्हणाली आणि खुर्च्या मोजायला गेली.

गोठिवलीतल्या त्यांच्या चार मजली घराच्या गच्चीवर मांडव घातला होता. रूपेशदादाच्या मुलाचा, हितेशचा, पहिला मुलगा. गाव जेवायला यायचं होतं. बाळाचं नाव आज पाळण्यात सांगायचं असलं, तरी नाक्यावरच्या बॅनरवर ते दोन दिवसांपासून झळकत होतं, त्यामुळे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं. गुपित राखायचं कुणाला जमत नसे या घरात. सुचिताला जमलं होतं, आणि तेच आता तिला झेपेना.

तिने घर घेतलं होतं. उलव्याला, सातव्या मजल्यावर, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि खाडीच्या बाजूला लहानशी गॅलरी. तुर्भ्याच्या औषधाच्या कंपनीत ती सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काम करत होती. एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं. चावी हातात पडली त्या दुपारी ती रिकाम्या खोलीत उभी होती, आणि दहाच मिनिटांत हितेशचा फोन आला, "आत्या, मुलगा झाला." तिने कुलूप लावलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. संध्याकाळी सांगू असं तिने ठरवलं होतं. पण तो दिवस बाळाचा झाला होता. मग पाचवी आली, मग बाळाला कावीळ झाली, मग बारशाची यादी सुरू झाली. सांगायला मुहूर्त म्हणून मिळेना.

तसं पाहिलं तर कुणाची चूक नव्हती. ती नोकरीत कायम झाली त्या दिवशी पेढे आणले गेले होते आणि खाल्लेही गेले होते. तिने स्कूटर घेतली तेव्हा दादाने नारळ फोडला होता. पण घरात आठवणी सांगायच्या त्या 'हितेशच्या दहावीच्या साली' किंवा 'उन्नती झाली तेव्हा' अशाच सांगितल्या जात. सुचिताच्या नावाचं असं एकही साल नव्हतं. तिच्यासाठी घरात मांडव पडला होता तो फक्त तिच्या बारशाला.

गेले पाच शनिवार अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की ती उलव्याला जायची. फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसायची. काही करायची नाही. दूर विमान उतरताना दिसायचं, खाडीवरून वारा यायचा, खाली कुणाच्या तरी दुचाकीचा आवाज यायचा आणि जायचा. दोन तासांनी उठून घरी यायची आणि ओव्हरटाइम होता म्हणून सांगायची. खोटं बोलल्याचं वाईट वाटण्याऐवजी तिला पुढचा शनिवार दिसायचा.

घरात सांगितलं तर पहिला प्रश्न कोणता येणार, हे तिला ठाऊक होतं. इथे काय कमी आहे?

अकराच्या सुमारास उन्नती पुण्याहून आली. हितेशची धाकटी बहीण, म्हणजे आज खरी आत्या तीच. येताच तिने सुचिताच्या गळ्यात हात टाकले आणि विचारलं, की कानात नक्की काय बोलायचं असतं, तिला भलतंच टेन्शन आलं होतं. सुचिताने तिला सगळं समजावून दिलं. हितेशच्या आणि उन्नतीच्या, दोघांच्या बारशाला पाळण्याशी सुचिताच वाकली होती. तेव्हा ती विशीतली होती, आणि बायकांनी पाठीवर इतके धपाटे घातले होते की दोन दिवस ती कुशीवर झोपली होती. आज ती पाळण्याच्या पायाशी उभी राहिली. उन्नती वाकली, बाळाच्या कानाशी लागली, बायका हसत तिच्या पाठीवर तुटून पडल्या. सुचिताचे खांदे आपसूक आक्रसले. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्या पाठीवर काही पडणार नाही. तिने बाळाचं टोपडं सरळ केलं आणि पंगतीकडे वळली.

जेवणं सुरू झाल्यावर ती तीनदा खाली गेली आणि तीनदा वर आली. तळमजल्यावरची खोली तिची आणि आईची. त्या खोलीचं दार लागत नसे. लावायची कधी वेळच यायची नाही. गणपतीचं मखर तिच्याच कपाटामागे, जादा सिलिंडर तिथेच, लोणच्याच्या बरण्या तिथेच. घरात कार्य असलं, की आलेल्या बायकांनी लुगडी-साड्या नीट करायच्या त्याही तिथेच. आत्ता तिच्या पलंगावर पंधरा-वीस पर्स पडल्या होत्या, त्यांच्या मधोमध कुणाचं तरी लेकरू झोपलं होतं, आणि आरशासमोर दोघी पिना शोधत होत्या. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत गोजराबाई, तिची आई, मांडीवर हात ठेवून बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या स्वतःच्या खाटेवर आहेराच्या साड्यांची चळत होती.

सुचिता आत आली, काही न शोधता कपाट उघडलं, बंद केलं आणि निघाली.

"सुचे," गोजराबाईने हाक मारली. "मना जिन्यान ने."

"जिन्यात कशाला, आये? वर जेवायला बसवते ना."

"जिन्यान ने मना."

मागच्या जिन्याच्या वळणावर दोघी पायरीवर बसल्या. वरून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, पण तिथे तरी माणूस नव्हतं. गोजराबाईने गुडघा चोळला.

"सकालपासून बघते. येका जागी बसत नाय तू. ताटान भात तसाच टाकलास. आनि शनवारी तुझ्या कंपनीन काम नसते, ते मना कलत नाय?"

सुचिताने जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडला. मग सांगितलं. किती मोठं, कुठल्या मजल्यावर, कधी घेतलं, सगळं एका दमात सांगितलं, आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, इथे तिला काही त्रास नाही हेही सांगितलं. आईच्या चेहऱ्याकडे ती बघत नव्हती.

गोजराबाईचा हात पुन्हा गुडघ्यावर गेला.

"लिफ्ट हाय?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग मना दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना गोजराबाईनेच विषय काढला. सुचीने घर घेतलंय, येत्या रविवारी मी बघायला जाते, असं तिने बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं. रूपेशने कप खाली ठेवला. तो रागावला नाही. तो दुखावला, आणि ते सुचिताला जास्त जड गेलं. त्यानेच या घराचे मजले चढवले होते, प्रत्येक मजला चढवताना तिला विचारलं होतं, की तुला वर खोली हवी का, आणि तिने आईसाठी तळमजलाच बरा म्हणून सांगितलं होतं.

"इथं काय कमी हाय?" त्याने विचारलं.

सुचिताने बिस्किटांचा डबा झाकला.

"कमी काय नाय," गोजराबाई म्हणाली. "जास्तीच हाय."

उज्वलाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने रूपेशच्या कपात आणखी चहा ओतला आणि रविवारी आईंना गाडी लागेल, हितेशला सांगा, एवढंच म्हणाली.

तो आठवडा सुचिताला काही सुचलं नाही. प्रयोगशाळेत तिने एक नमुना दोनदा तपासला आणि एक तपासायचा विसरली. कारण आई नुसतं बघायला येत नव्हती. सोमवारी तिने आपली दोन लुगडी वेगळी काढली. बुधवारी पानाचा डबा घासून ठेवला. गुरुवारी विचारलं, की तिकडची न्हाणी निसरडी तर नाही. म्हणजे आईला राहायला यायचं होतं. ते बरोबरच होतं. आईला दुसरं कोण होतं तिच्याइतकं जवळचं? तीस वर्षं दोघी एकाच खोलीत झोपल्या होत्या. सुचिता मनातल्या मनात आईची खाट कुठे बसेल ते पाही, आणि मग तिचं वर्तमानपत्र पसरायला जागाच उरत नसे. असा विचार आल्याची तिला इतकी लाज वाटली, की शुक्रवारी ती आईसाठी रबरी तळाच्या चपला घेऊन आली.

रविवारी हितेशने दोघींना इमारतीच्या दारात सोडलं आणि दुपारी फोन कर, येतो, म्हणून गेला. लिफ्टमध्ये गोजराबाईने सुचिताचं मनगट घट्ट धरलं होतं. सातव्या मजल्यावर सुचिताने दार उघडलं, आईला आत घेतलं.

गोजराबाई हळूहळू फिरली. भिंतीला तळवा लावून पाहिला. स्वयंपाकघरातला नळ सोडला, पाण्याची धार पाहिली, बंद केला. न्हाणीत डोकावली. गॅलरीच्या दारातून पलीकडची खाडी बघत उभी राहिली. आपलं मीठ पिकवायचं आगर कुठल्या बाजूला होतं ते तिने हाताने दाखवलं, पण ती दिशा चुकीची असावी, कारण तिने पुन्हा दुसरीकडे हात केला आणि मग सोडून दिला.

सुचिता खिडकीकडे सरकली.

"आये, तुझी खाट इथे बसेल. खिडकीखाली. देव त्या भिंतीला. पुढच्या महिन्यात पंखे लागले की..."

गोजराबाईने वळून लेकीकडे पाहिलं. मग तिची नजर स्वतःच्या पायांतल्या नव्या चपलांकडे गेली.

"नको," ती म्हणाली. "मी नाय येत राह्याला. माझं तिकडंच बरं हाय. रूपेश हाय, पोरं हायेत, आता त्यो ल्हानगा हाय."

"मग लुगडी कशाला काढलीस?"

"पहिल्यांदा तुझ्या घरान यायचं त चांगलं नेसून यावं." तिने पदर सारखा केला. सुचिताच्या छातीवरून काही तरी उतरलं, आणि ते उतरलं म्हणून तिला रडू येईलसं झालं. ती खिडकीची खिट्टी उगाच वर-खाली करू लागली.

"सुचे."

"काय गं?"

"तू जरा खाली जाऊन ये."

"काय हवंय? चहा आणू? पानं संपली का?"

"काय नको. नुसती जा."

सुचिताला कळेना. आईला बरं वाटत नाही का, असं तिने विचारलं. गोजराबाईने मान हलवली. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"सोलाव्या वरसी लगीन झालं," ती शेवटी म्हणाली. "तवा घरान अकरा मानसं होती. त्याच्या आदी बापाच्या घरान नऊ. कवा येकटी नाय राह्यले मी. आजारी पडले तरी उशाशी कोनीतरी हायेच. घरान कोनी नसलं म्हनजे कसं लागते, ते मना म्हाईत नाय."

पलीकडे कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. सुचिताने पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, खिडकीपाशी फरशीवर पसरलं, आईला भिंतीला टेकून बसवलं. पाण्याची बाटली हाताशी ठेवली. मोबाइल ठेवू लागली, तर गोजराबाईने तो परत तिच्या हातात दिला.

"जाताना दार वढून घे," ती म्हणाली.

सुचिता बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. लिफ्टची वाट बघताना तिला आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. म्हणजे आई उठली होती.

खाली फाटकाशी वॉचमन उदयसिंहने विचारलं, की मॅडम, एवढ्या लवकर निघालात? निघाले नाही, असं तिने सांगितलं. समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर ती बसली. चहा प्यायली. उन्नतीचा फोन आला; आजीला घर आवडलं का, बाळ आज पहिल्यांदा हसलं, व्हिडिओ पाठवलाय, बघ. सुचिताने व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला. अर्धा तास गेला. पाऊण झाला. आईला चक्कर तर आली नसेल, कडी काढता येईल ना, असले विचार येत होते. दोनदा ती उठली आणि दोनदा बसली.

तिसऱ्यांदा उठली तेव्हा तिने वर पाहिलं. सातव्या मजल्याच्या गॅलरीत गोजराबाई उभी होती. चारचौघांत कधी डोक्यावरून न ढळणारा पदर तिच्या खांद्यावर पडला होता. तिने अंबाडा सोडला होता. पातळ, पांढरे केस वाऱ्यावर मोकळे उडत होते, आणि ती ते आवरत नव्हती. तिचे ओठ हलत होते. गात होती की कुणाशी बोलत होती, एवढ्या खालून कळत नव्हतं.

सुचिताने चटकन नजर काढून घेतली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, इमारतीकडे पाठ करून ती बसली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "अजून एक चहा द्या. सावकाश द्या, घाई नाही."