बोराएवढे लाडू

डबा हातात घेतला तेव्हाच अंबिकाला कळलं, आजही मेघानं घास मोडला नव्हता.

“काय झालं गं? भाजी आवडली नाय का?”

“भूकच नव्हती, मम्मी,” दप्तर भिरकावत मेघा म्हणाली आणि बूट न काढताच जिन्याकडं पळाली.

मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत अंबिका साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. नवरा भिकन शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर जायचा. तिसरीतली मेघा घरात एका जागी सापडायची नाही आणि शाळेत तिचा निम्मा वेळ वर्गाबाहेर जायचा. शेवटी डॉक्टर अश्लेषांनी तपासून सांगितलं, हा एडीएचडी आहे, लक्ष आणि अंग एका जागी न ठरण्याचा त्रास. यात पोरीचा खोडसाळपणा नाही आणि आईचे लाडही नाहीत. गोळी सुरू झाली आणि एका संध्याकाळी मेघानं धड्याचं अख्खं पान वाचून दाखवलं. अंबिका मशीनवर डोकं टेकून रडली होती, आनंदानं.

पण त्याच गोळीनं दुपारची भूक मारली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला.

“वजन असंच उतरत राहिलं तर गोळी थांबवावी लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “सकाळी गोळीच्या आधी, आणि संध्याकाळी भूक परतते तेव्हा, थोडंसंच पण कसदार काहीतरी पोटात जाऊ द्या.”

“गोड दिलं तर चालंल का? सासूबाई म्हणत्यात, गोडानं लेकरं जास्तीच उधळत्यात.”

“गोडानं हे होत नाही, आणि गोडानं बरंही होत नाही. नुसती साखर मात्र नको. दाणे, तीळ, डाळ, तूप असं घाला.”

गोळी थांबली तर? ते वाचलेलं पान अंबिकाच्या डोळ्यांसमोर आलं.

घरी येऊन तिनं नाचणीचे लाडू वळले. मेघानं एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकला. “मातीवानी लागतंय!”

मग बाळंतिणीला करतात तसे डिंक-खारकेचे केले, चांगले मुठीएवढे. ते अर्धवट उष्टे होऊन घरभर सापडायला लागले. खिडकीत, मशीनच्या पेटीत, एक तर भिकनच्या कंपनीच्या बुटात. सासू सखूबाई तेवढ्यात बिडकीनकडची मेंढरं धाकट्या लेकावर सोपवून राहायला आली होती. ती म्हणाली, “आगं, एवढं तूप वाया घालायलीस. पळत्या लेकराच्या अंगाला लागतंय व्हय काही?”

रविवारी सकाळी अंबिका पुन्हा खलबत्ता घेऊन बसली. भाजलेले दाणे, तीळ, फुटाण्याची डाळ. रागारागानं कुटत होती. मेघा आली आणि तिनं बत्ता हिसकावला.

“मी कुटती.”

दाणे उडाले, तीळ चटईभर झाले. “सांडायलीय ती! घे हातातून!” सखूबाई ओरडली. अंबिकानं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पोर कुठंच बघत नव्हती. कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली, सगळा जीव त्या खलात. कुठंही न ठरणारी मेघा तिथं ठरली होती.

गूळ-तूप घालून कालवलं. मेघानं चिमूटभर उचलून बोराएवढी गोळी वळली. “हा माझा,” म्हणत तोंडात टाकली. मग दुसरी. मग न विचारता तिसरी.

“मम्मी, तुझा लाडू लई मोठा असतो. बघूनच पोट भरतं.”

अंबिकाला हसावं की रडावं कळेना. लाडवाचा आकार हेच कारण असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हापासून लाडू बोराएवढेच झाले. पळता पळता तोंडात टाकायचे, आणि कुटायचे मेघानंच. रोज जमायचं असं नाही. एखाद्या दिवशी खल पालथा व्हायचा, एखाद्या दिवशी ती तिकडं फिरकायचीही नाही. पण एका सकाळी अंबिका उठली तर सखूबाई आधीच दाणे भाजत बसलेली. “पोरगी उठंल आता,” एवढंच ती म्हणाली.

पुढच्या तपासणीला मेघा काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी आकडा पाहिला, तिला खाली उतरवून परत उभं केलं.

“वाढलंय! गोळी चालूच ठेवू.”

अंबिकानं कुटण्यापासून बोराएवढ्या लाडवांपर्यंत सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “अशा मुलांच्या बऱ्याच आया येतात माझ्याकडं. एखाद्या रविवारी त्यांना करून दाखवाल?”

“मी? मला चारचौघांत बोलता येत नाय, मॅडम.”

“मला येतं,” मेघा म्हणाली.

आणि खरंच आलं. दवाखान्याच्या हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, जमिनीवर चटया, पराती, खलबत्ते. कुणी पळत होतं, कुणी टेबलाखाली शिरलं होतं, आणि त्या दिवशी कुणीही कुणाला “गप बस” म्हणत नव्हतं. मधोमध उभी राहून मेघा खणखणीत आवाजात सांगत होती. “दाणे आधी भाजायचे. सांडलं तर सांडू द्यायचं. आन् काकू, एवढा मोठा नका करू, खाणाऱ्याला भ्या वाटतं!”

आया हसल्या. कोपऱ्यातून एक बाई ओरडली, “अहो, हिनं खाल्ला! माझ्या हिनं खाल्ला!” सगळा हॉल तिकडं वळला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी अंबिकासाठी खुर्ची ओढली. ती पदर सावरून बसली, सगळ्यांसमोर, ताठ. एक अनोळखी मुलगी धावत आली, तिच्या तळहातावर आपला लाडू ठेवून तशीच पळून गेली. वाकडातिकडा, एका बाजूनं सुटत आलेला लाडू होता. अंबिकानं तो सावकाश खाल्ला, हातावर उरलेला चुराही.